नदीतून निघालेली बाई

अंकिताने चित्रांचे कागद बापाच्या पुढ्यात ठेवले आणि ती चहा मांडायला आत गेली. खुशालने चष्मा शोधला, अंगातल्या बंडीला पुसला आणि पहिला कागद उचलला. धाम नदीचं पाणी दोन्हीकडे फाकलं होतं आणि मधून एक बाई वर निघाली होती. अंगावर निळे घट्ट कपडे, पाठीवर उडता पदर, हातात विळा, आणि विळ्यातून वीज निघत होती. कंबर मुठीत मावेल एवढी. वर मोठ्या अक्षरांत 'धामकन्या' लिहिलं होतं.

"हे कोन होय?" त्याने आतल्या बाजूला तोंड करून विचारलं.

"आई," आतून उत्तर आलं.

खुशालने पुन्हा पाहिलं. उज्वला ठेंगणी होती, अंगाने भरलेली होती, आणि तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. चित्रातल्या बाईचे दात एका ओळीत होते.

उज्वला जाऊन वर्ष होत आलं होतं. पौषातल्या एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. दवाखान्यात न्यायलाही तिने वेळ दिला नाही. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. त्यांच्यात अशा वेळी आलेल्या माणसाच्या हातात मेलेल्याचं नाव कोरलेली स्टीलची वाटी द्यायची रीत. खुशालच्या घरातच अशा वाट्यांची उतरंड होती. वरण संपलं की तळाशी कोणाची तरी आजी निघायची. अंकिताने वाटीला साफ नकार दिला. ती नागपुरात जाहिरातींची चित्रं काढणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती. ती म्हणाली, मी आईचं पुस्तक काढते, चित्रांचं, लोक घरी नेऊन वाचतील तरी. सोयऱ्यांमध्ये कुजबुज झाली की श्राद्धाला कॉमिक कोण वाटतं. खुशालने मात्र पोरीला अडवलं नाही. त्याच्याजवळ उज्वलाचे फोटो होते ते सगळे दुसऱ्यांच्या लग्नातले, मागच्या रांगेत अर्धा चेहरा झाकलेले. पोरीच्या हाताने तरी ती पुन्हा समोर येईल असं त्याला वाटलं होतं.

कॉमिकचं वेड अंकिताला लहानपणापासून. वर्ध्याला भाजी घेऊन गेला की खुशालच तिला बसस्टँडजवळच्या टपरीतून हिंदी कॉमिक आणून द्यायचा. त्यात वज्रलता नावाची एक बाई असायची. संध्याकाळी ओसरीवर उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधायचं काम चाले, नवराबायकोचे हात गुंतलेले असायचे आणि अंकिता मोठ्याने वाचून दाखवायची. वज्रलता डोंगर उचलायची, आगीतून चालायची, राक्षसांना आपटायची. खुशालला दुसऱ्या पानावर जांभया यायच्या. तो म्हणायचा, ही जिंकणार हे मला आताच माहीत आहे, मग पुढचं कशाला ऐकू? जिला काही होतच नाही तिची कसली गोष्ट. अंकिता चिडायची. ती म्हणायची, जिंकणार हे माहीत असतं म्हणूनच तर वाचायचं, हरणारे लोक गल्लीभर आहेत. हा वाद वर्षानुवर्षं चालला. उज्वला त्यात पडत नसे. एकदाच पडली. जुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं,

"तिले भेव नाई लागत काय?"

"आई, सुपरहिरोईन आहे ती. तिले भेव कसं लागन?"

"मंग तिचं काय वाचाचं?" उज्वला म्हणाली आणि तिने पुढची जुडी हातात घेतली.

खुशालला केवढा आनंद झाला होता. बायको आपल्या बाजूने बोलली असं समजून त्याने मांडीवर थाप मारली आणि पोरीला दोन दिवस चिडवलं.

आता त्याने एकेक कागद उलटला. धामकन्येने पुरात वाहणारी एस.टी. उचलून काठावर ठेवली. खोट्या वजनाने माल घेणाऱ्या दलालाला काट्यासकट झाडावर टांगलं. भाजीच्या वाडीत आलेल्या रानडुकरांना नुसत्या नजरेने पळवलं. एकाही चित्रात ती बसली नव्हती. एकाही चित्रात तिला घाम नव्हता. अंकिता चहा घेऊन आली आणि समोर बसून बापाच्या तोंडाकडे पाहू लागली.

"कसं वाटलं, बाबा?"

खुशालला खोटं बोलता येत नसे. "बोअर आहे," तो म्हणाला.

"आई बोअर होती?"

"आई नाई. हे."

अंकिताने कागद गोळा केले. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही; आईवर गेली होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली की अशा गोष्टीत बाईची एक कमजोरी असावी लागते, तिथे गोष्ट अडते आणि मग वाचायला मजा येते. वज्रलतेचं बळ शंखाचा आवाज ऐकला की जायचं. तसं आईचं काहीतरी पाहिजे. "तुमी सांगा न, बाबा. आई कायले भेत होती? मी टाकतो त्याच्यात. पुढच्या रविवारी येईन तवा सांगजा. मंग छापाले देऊन टाकू."

"सांगतो," खुशाल म्हणाला. सोपी गोष्ट होती. एवढी वर्षं एका घरात काढली होती.

अंकिता नागपूरला गेली आणि खुशाल आठवायला बसला. पाल म्हणावी, तर ती पाल झाडूवर घेऊन बाहेर टाकायची. साप निघाला की काठी घेऊन तीच पुढे. अंधार म्हणावा, तर पंपाला रात्रीची लाईन असली की वाडीत जाऊन पाणी फिरवून यायची. आजारी पडली तर काही नाही होत म्हणायची आणि दुपारनंतर उठायची. तिची आई मेली तेव्हा रडली होती, पण आई मेल्यावर सगळेच रडतात. खुशालला तिचं काम आठवे. तण निंदताना ती पात कशी धरायची, मेथी तोडताना मुळं कशी झटकायची, भाव पडल्यावर काय बोलायची, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं. पण ती कशाला भ्यायची हे आठवायला गेलं की पुढे कोरा कागद यायचा. पोरीने काढलेली बाई आणि आपल्या डोक्यातली बाई यांच्यात फक्त कपड्यांचाच फरक आहे की काय, असं त्याच्या मनात आलं आणि तो उठून उगीच अंगणात फेऱ्या मारू लागला.

त्याने समुद्रपूरला उज्वलाच्या भावाला फोन केला. भैयाजी मेहुणा बोलका माणूस. बहिणीचं नाव काढताच सुरू झाला की आमची उज्वला लहानपणी चिंचेच्या शेंड्यावर चढायची, मारक्या बैलाची वेसण धरायची, भेव कशाशी खातात हे तिला माहीतच नव्हतं. खुशालने दोनदा विचारून पाहिलं, पण भैयाजीने दोन्ही वेळा चिंचेवरच नेऊन सोडलं. मग तो वासुदेवराव गुरुजींकडे गेला. गुरुजी वर्षश्राद्धाला चार शब्द बोलणार होते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले होते. त्यांनी चष्मा चढवून वाचून दाखवलं. त्यात रणरागिणी होती, वाघीण होती, कष्टाची मूर्ती होती. खुशालने हात जोडले आणि परत आला. जो तो तिची तारीफ करत होता, आणि प्रत्येक तारिफेबरोबर ती एकेक पाऊल लांब जात होती.

रंभाबाईचं नाव त्याला सर्वांत शेवटी सुचलं, कारण ती आता घराबाहेर दिसतच नव्हती. तिची वाडी यांच्या वाडीला लागून, नदीच्या पलीकडे. दोघी बाया रोज बरोबर जात-येत. मग रंभाबाईचे गुडघे गेले आणि तिने दाराशी बसून हातातलं काम करायचं एवढंच ठेवलं. खुशाल गेला तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने पाट सरकवला. इकडचं तिकडचं झालं. मग खुशालने विचारलं,

"रंभाबाई, उज्वला कायले भेत होती?"

रंभाबाईचा हात थांबला. "पान्याले," ती म्हणाली.

"कोनत्या पान्याले?"

"नदीच्या. दुसऱ्या कोनत्या? तुमाले माईत नाई काय, भाऊ?"

खुशाल पाटावर पुढे सरकला. तेव्हा तिने सांगितलं. वाडीत जायचं तर नदीकाठच्या आश्रमाच्या खालच्या अंगाचा रपटा ओलांडावा लागे. रपटा म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जायचं. खुशाल मोटरसायकलवर पोती बांधून पुढे निघून जायचा. मागच्या सीटवर पोती, म्हणून बाया पायी. रपटा आला की उज्वला रंभाबाईच्या पदराचं टोक धरायची, मनगटाला एक वेढा द्यायची आणि तिच्या टाचेकडे पाहत चालायची, ते थेट पलीकडचा काठ लागेपर्यंत. एवढी बोलकी बाई, पण रपट्यावर तिच्या तोंडून शब्द निघत नसे. संध्याकाळी डोक्यावर भाजीचं टोपलं, तरी एका हातात पदराचं टोक होतंच. पाणी रपट्यावरून बोटभर जरी वाहत असलं तरी तिचा हात बर्फासारखा व्हायचा.

"पहिले पहिले मले हासू ये," रंभाबाई म्हणाली. "मंग नाई आलं."

"कायच्यानं भेत होती? लहानपनी काई झालं होतं काय?"

"मी नाई इचारलं. भेवाले कारन लागते काय?"

"मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

रंभाबाईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "तुमी नदीपल्याडची वाडी घेतली तवा गावभर पेढे वाटले, भाऊ. तिनंच वाटले घरोघर. आता कोन्या तोंडानं सांगन?"

खुशालच्या लक्षात आलं की रंभाबाईचे गुडघे गेल्यालाही तीन-चार पावसाळे झाले. त्याने विचारलं, त्यानंतर ती काय करायची?

"मीबी तेच इचारलं होतं. म्हने, रंभाबाई, आता मी माह्याच पदराचं टोक धरतो अन् तुमचं समजतो."

उज्वलाच्या लुगड्यांचं पदराचं टोक नेहमी चुरगळलेलं असायचं. धुऊन वाळत घातलं तरी तिथली घडी मोडत नसे. खुशाल ते पाहायचा आणि त्याला वाटायचं की बाजारात सुटे पैसे बांधते, त्याची गाठ. बाजारातल्या सगळ्याच बाया बांधतात. ती लुगडी आता नव्हती. तेराव्याला नात्यातल्या बायांना वाटून टाकली होती.

घरी येताना त्याला आनंद झाला होता, हे खरं आहे. वर्षभरात त्याच्याजवळची उज्वला रोज थोडी थोडी कमीच होत गेली होती, आणि आज पहिल्यांदा ती वाढली होती. तिचा तो प्रश्नही आता त्याला नीट ऐकू आला. तिले भेव नाई लागत काय. ती त्याच्या बाजूने बोलली नव्हती. ती कोणाच्याच बाजूने बोलली नव्हती. ती तिचं स्वतःचं विचारत होती आणि बापलेक आपल्याच वादात गुंतले होते.

रविवारी अंकिता आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. अंकिता खूप रडली. दारामागे उभी राहून रडली, मग तोंड धुऊन तिची ती काचेची पाटी घेऊन बसली, जिच्यावर ती बोटभर जाडीच्या लेखणीने चित्रं काढायची. जेवायलाही उठली नाही. खुशालला वाटलं, आता झालं. संध्याकाळी तिने पाटी त्याच्या हातात दिली.

नवी पानं आली होती. नदीच्या डोहात एक राक्षस राहत होता, काळा, जटा पसरलेला. त्याचं पाणी अंगाला लागलं की धामकन्येचं बळ जायचं. ती गुडघ्यावर येते, विळा हातातून पडतो. मग तिला गावातली पोरं आठवतात, डोळे लाल होतात, ती उठते आणि राक्षसाचे दोन तुकडे करते. शेवटच्या चित्रात नदी तिच्या पायाशी लोळत होती आणि ती पाण्यावर उभी होती, हात कमरेवर ठेवून.

"आता तर बोअर नाई न?" अंकिताने विचारलं.

"ती जितली नोती, अंकिता."

"मंग काय झालं?"

"काईच नाई झालं. सकाळी भेली अन् गेली. संध्याकाळी भेली अन् आली. दुसऱ्या दिवशी परत."

"बाबा, मंग त्याची गोष्ट कशी करू? शेवट कुठं आहे त्याले?"

खुशालने एवढंच म्हटलं की राक्षस राहू दे, वीज राहू दे, पण एका पानावर दोन बायांचं चित्र टाक, पुढची चालते आहे आणि मागचीच्या हातात तिच्या पदराचं टोक आहे. अंकिताने त्याचा मान राखला. तिने काढून पाहिलं. दोनदा काढलं. दोन्ही वेळा मागची बाई हरवलेल्या पोरासारखी दिसत होती, आणि निळ्या कपड्यांत तर वेडीच दिसत होती.

"लोक पाह्यतील अन् म्हनतील, बिचारी," अंकिता शेवटी म्हणाली. "मले माही आई बिचारी नाई दाखवाची, बाबा. ती गेली तवा मी इथं नोतो. निदान कागदावर तरी तिले काई नाई झालं पाह्यजे."

आणि तिने ते चित्र बोटाने पुसून टाकलं. कागदावर असतं तर खुशालने उचलून ठेवलं असतं. पाटीवर काही उरलं नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचंही चुकत नव्हतं. वज्रलता जिंकायलाच पाहिजे असं जे पोर लहानपणी म्हणत होतं, तेच म्हणत होतं, आणि आता तर त्याला कारण होतं. पुस्तक छापायला गेलं.

वर्षश्राद्धाला बरीच माणसं आली. जेवणं झाल्यावर अंकिताने प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं. कागद चकचकीत होता, रंग छान उठले होते. भैयाजीने पहिल्याच पानावर मान डोलावली आणि म्हणाला, बिलकुल आमची उज्वला, नाकडोळे सगळं तेच. गुरुजींनी आपल्या भाषणात पुस्तकाचा उल्लेख केला. ज्या बायांनी कुजबुज केली होती त्यांनीच पोरांसाठी म्हणून दोन-दोन पुस्तकं मागून घेतली. वाटी असती तर कोणी दुसरी मागितली नसती. अंकिता या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत होती आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसत होता. खुशालने ते पाहिलं.

रंभाबाई काठी टेकत आली होती. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि पानं उलटत गेली. तिला वाचता येत नव्हतं, चित्रंच पाहत होती. शेवटच्या पानावर, जिथे बाई पाण्यावर हात कमरेवर ठेवून उभी होती, तिथे ती थांबली. तिने मान वर करून खुशालकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं, मांडीवर उलटं ठेवलं.

"चांगलं छापलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंकिता सकाळच्या गाडीने गेली. खुशाल वाडीत निघाला. रपट्याच्या तोंडाशी त्याने मोटरसायकल उभी केली आणि तो पायी उतरला. थंडीचे दिवस, पाणी ओसरलेलं. रपट्यावरून जेमतेम पातळ थर सरकत होता. खुशालने गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं, मनगटाला एक वेढा दिला, नजर पायांच्या अंगठ्यांवर ठेवली आणि चालू लागला.

पलीकडचा काठ आला. काही झालं नाही.

तो परत फिरला. या वेळी मधोमध थांबला आणि त्याने पाण्यात पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते. दोन बारके मासे गोट्याआड गेले. त्याने मूठ आणखी आवळली. तो या नदीत लहानपणी पोहला होता, बैल धुतले होते, पुरात लाकडं धरली होती. त्याने डोळे मिटून पाहिले. टोपलं डोक्यावर आहे असं धरून पाहिलं. पायाखालचं पाणी थंड लागत होतं, एवढंच. तो वाट पाहत उभा राहिला. एक दूधवाला मागून आला, त्याने गाडी हळू करून विचारलं, "काका, काई पडलं काय पान्यात?" खुशालने मान हलवली, नाही म्हणून. दूधवाला गेला. त्याच्या चाकाचं पाणी खुशालच्या पायजम्यावर उडालं.

भेव काही लागलं नाही. त्याने मूठ सोडली. दुपट्ट्याच्या टोकाला चुणी पडली होती, ती चालता चालता आपोआप उलगडली. वाडीत मेथी तोडायला आली होती. तो मोटरसायकल घ्यायला मागे गेला.